‘हाव’ म्हणायची बंदी

अमरावती
३ ऑगस्ट २०२५

प्रिय रमामावशी,

वाकून नमस्कार. शेखरदादा, वहिनी आणि जुईली मजेत असतील.

फोनवर तू म्हणालीस, "त्यापेक्षा पत्र लिही." म्हणून काल पोस्टात जाऊन पाकिटं आणली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "राखी धाडायची काय, म्याडम?" म्हटलं, नाही हो, पत्र आहे, मावशीला. "मोबाइल नाई का त्यायच्याकडं?" असं म्हणत त्यानं कीव आल्यासारखं पाहिलं. मला पत्राची सवय राहिलेली नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

माझी शाळा तुला माहीत आहे, भातकुलीच्या पुढे, कच्च्या रस्त्यावरची. जूनपासून माझ्याकडे तिसरी आहे. चाळीसेक पोरं, वर पत्रे, आणि पाऊस लागला की आत कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. पाऊस नसला तरी येत नाही म्हणा. परवा हातच्याची वजाबाकी शिकवली. मणी मांडले, काड्या मांडल्या, घसा कोरडा होईपर्यंत बोलले. शेवटी विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात, "हाव म्याडम!" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग शिवम नावाच्या पोराला उभं केलं. "सांग, मी काय सांगितलं?"

"हाव म्याडम."

"अरे, हाव काय? काय सांगितलं मी?"

"हावच सांगतलं ना तुमी."

आमचे मुख्याध्यापक खुशालराव सर भले गृहस्थ आहेत, पण जीभ वऱ्हाडी. मला म्हणाले, "म्याडम, तुमचा आवाज पार ग्रामपंचायतीपावतर येते. मंग वर्गातल्याच पोट्ट्यायले काहून नाई येत?" मी हसले आणि घरी येऊन हळदीचं दूध प्याले.

मला आपली तिसरी आठवते. तू वर्गावर अशी हळू बोलायचीस की आम्ही श्वास रोखून बसायचो. एकदा चुकून मी तुला 'बाई' ऐवजी 'मावशी' म्हटलं आणि सगळा वर्ग हसत सुटला, तेव्हा तू नुसता चष्मा वर केलास आणि परत शांतता. माझ्याकडे चष्माही नाही.

दिवाळीपर्यंत मी निभावून नेईन. दिवाळीनंतर मी या वर्गावर नसेन, ते तर आपलं फोनवर बोलणं झालंच आहे. आई गेल्यापासून मोठ्या गोष्टी मी तुलाच विचारते आणि तू सांगशील ते ऐकते. त्यावर पुन्हा लिहीत नाही. पण जायच्या आधी या पोरांच्या कानात दोन शब्द तरी पडावेत असं वाटतं. तू काय करायचीस गं?

तुझी
देवश्री


अकोला
११ ऑगस्ट २०२५

चि. देवश्री,

अनेक आशीर्वाद. अक्षराला नावं ठेवू नकोस म्हणालीस, म्हणून ठेवत नाही. तशी ठेवण्यासारखी पुष्कळ आहेत.

माझ्या वर्गातला नियम विसरलीस वाटतं? 'आधी त्याचं, मग आपलं.' समोरचा काय म्हणाला ते आधी सांगायचं आणि मगच आपलं तोंड उघडायचं. आपल्या पत्रांतही तोच लागू. तर आधी तुझं. तू म्हणतेस, पोरं ऐकत नाहीत आणि तू ओरडतेस. बरोबर? आता माझं. तू ओरडतेस म्हणून ती ऐकत नाहीत. बाई पुन्हा सांगणारच, आणि मोठ्यानं सांगणार, हे ठाऊक असलं तर पहिल्यांदा कोण कशाला ऐकेल? एक गोष्ट एकदाच सांग, हळू सांग, आणि सांगण्याआधी क्षणभर थांब.

दुसरं म्हणजे "समजलं का?" हा प्रश्न आजपासून बंद कर. त्याला दुसरं उत्तरच नसतं. आणि वर्गात 'हाव' म्हणायची बंदी घाल. तुझा भाऊ सोहम पुण्याला गेला तेव्हा तिकडची पोरं त्याला हसली होती, की आम्हाला हाव सुटते आणि हे लोक हाव म्हणतात. हसू देत. आपला हा शब्द मोठा गोड आहे, पण त्याच्याआड माणूस सहज लपतो. मान हलवायची, हाव म्हणायचं आणि मन शेतावर. मी नवीन होते तेव्हा आमच्या वर्गातही हेच चालायचं. बंदी घातली आणि पहिले चार दिवस पोरांना बोलताच येईना!

दिवाळीनंतरचं मनाला लावून घेऊ नकोस. जागा बदलली की माणूस ताजं होतं. मी फोनवर बोलले ते विचार करूनच बोलले.

फोन मात्र नको करूस. शेखरनं नवा आणून दिलाय, त्यात माणसं विहिरीतून बोलल्यासारखी वाटतात. तसे हल्ली घरातलेही सगळे पुटपुटतात. आजकालच्या लोकांना तोंड उघडून बोलायचा कंटाळा.

तुझी
रमामावशी


अमरावती
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

आधी तुझं. तू म्हणतेस, हळू बोल, एकदाच बोल, हाव बंद कर. आणि जागा बदलली की माणूस ताजं होतं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. कुठेतरी वाटत होतं की तू "थांब जरा" म्हणशील. असो.

आता माझं. हळू बोलण्याचा पहिला दिवस म्हणजे फजिती. मी आवाज लहान केला, त्यांनी मोठा केला. अर्धा वर्ग म्हणाला, "म्याडमचा घसा बसला," आणि एक मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कागदात बांधून ज्येष्ठमध घेऊन आली. हसावं की रडावं?

'हाव'ची बंदी मात्र रंगली आहे. जो हाव म्हणेल त्यानं मी काय बोलले ते सांगायचं, एवढीच शिक्षा. पोरांनी पहिल्या दिवशी 'हौ' म्हणून पाहिलं, मग 'हं', मग 'जी', मग नुसत्या माना. माना पण बंद केल्या. शिवम स्वतःहून पोलीस झाला आहे. परवा खुशालराव सर वर्गात आले आणि कोणाला तरी फोनवर "हाव, हाव, येतो" म्हणाले. शिवम उभाच राहिला. "सर, आता सांगा, थो मानूस काय म्हनला?" सर आधी चिडले, मग इतके हसले की खुर्ची मागवावी लागली.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून शाळेत घेऊन आली होती. त्या दिवशी मी शिकवायचा नाद सोडला आणि एकेकाला त्याच्या बैलाबद्दल बोलायला सांगितलं. एक बोलतोय, बाकीचे सगळे आपापल्या बैलांची चाकं फिरवताहेत. माझं ऐकत नाहीत हे मला कळत होतं. पण ती एकमेकांचंही ऐकत नाहीत, हे त्या दिवशी दिसलं. मागच्या रांगेतली चंदा नावाची मुलगी उभी राहून काहीतरी पुटपुटली आणि खाली बसली. कोणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. मला फार वाईट वाटलं.

सोहमदादानं पुण्यात एका कार्यालयात माझ्यासाठी शब्द टाकला आहे. तिथे कोणाला काही ऐकवावं लागत नाही म्हणे.

तुझी
देवश्री


अकोला
४ सप्टेंबर २०२५

चि. देवश्री,

आधी तुझं. तू म्हणतेस, हळू बोलणं फसलं, हाव-बंदी जमली, आणि पोरं एकमेकांचं ऐकत नाहीत. सोहम पुण्याला बोलावतोय. बोलावू दे, तो लहानपणापासून बोलावतच असतो.

आता माझं. चूक माझी झाली. हळू बोल असं सांगितलं, पण आधी कान तयार करावे लागतात ते लिहायचं राहिलं. पोरांना "गप्प बसा" म्हणू नये. गप्प बसून करायचं काय त्यांनी? ऐकायला काहीतरी द्यावं.

आपल्या अमरावतीच्या शाळेला रस्त्याकडची खिडकी होती, आठवते? रोज सकाळी मी सगळ्यांना डोळे मिटायला लावायची आणि विचारायची, "आत्ता बाहेरून कोण गेलं?" टांगा गेला, तो भरलेला की रिकामा? कल्हईवाला गेला, त्याच्याबरोबर त्याची बायको होती का? जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला, तो कुठला? कापसाच्या बैलबंड्या निघाल्या की त्यांची चाकं कुरकुरायची, आणि एक पोर असं होतं की बैल कोणाचे ते घुंगरांवरून सांगायचं. तुझ्या वेळेपर्यंत टांगे गेले, रिक्षा आल्या, पण खेळ तोच होता. कधी कधी दुपारी पडल्या पडल्या मी अजून तो सगळा रस्ता मनात ऐकते. काय आवाज होते गं एकेक!

तुझ्या शाळेत खिडकीबाहेर नुसतं सोयाबीन, तेव्हा तू दुसरं कर. पुण्याकडे भोंडला, तशा आपल्याकडे आता भुलाबाई बसतील. आपण पोरी खिरापत कशी ओळखायचो? डबा कानाशी हलवून. मुरमुरे वेगळे वाजतात, फुटाणे वेगळे, साखर वेगळी. वर्गात झाकणाचा डबा ने आणि रोज खिरापत ओळखायला लाव. बघ कशी टाचणी पडलेली ऐकू येते.

आणि 'आधी त्याचं, मग आपलं' हा नियम नुसता पत्रात नको, वर्गात आण. तुझी ती चंदा जे पुटपुटली, ते दुसऱ्या कोणाला तरी सांगावं लागलं पाहिजे. तोंडाळात तोंडाळ असेल त्यालाच तिच्या नंतर उभा कर.

तुझी
रमामावशी


अमरावती
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

आधी तुझं. कान तयार करायचे, डबा न्यायचा, आणि चंदानंतर तोंडाळाला उभं करायचं. सगळं केलं. आता माझं ऐक, मला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

पहिल्या दिवशी डब्यात फुटाणे नेले. "यात काय आहे ते कानानं ओळखायचं," एवढंच म्हटलं आणि डबा हलवला. मावशी, तो वर्ग गप्प झाला! पत्र्यावर कावळा चालत होता त्याची नखं ऐकू आली. एक म्हणे शेंगदाणे, एक म्हणे खडे, शिवम म्हणाला, "पुन्यांदा वाजवा, ह्या पोट्ट्यानं नाक ओढलं." मी "एकदाच" म्हटलं. दुसऱ्या दिवशी नाक ओढणारा पोरगा आधीच बाहेर जाऊन नाक शिंकरून आला.

मग रोज डबा. डबा झाला की त्याच शांततेत मी दोन वाक्यं बोलते, हळू. ती ऐकली जातात. फार वेळ नाही टिकत, दहा मिनिटांनी चुळबुळ सुरू होते, मग त्यांना उठवते, टाळ्या घेते, परत बसवते. मी आता घसा धरून घरी येत नाही.

आणि चंदा. तिच्यानंतर शिवमला उभं केलं. "आधी तिचं, मग तुझं." शिवम म्हणाला, "तिचं मले आयकूच नाई आलं." मग तुझं तुला बोलता येणार नाही, असं मी म्हटलं. तो लालबुंद झाला. न बोलता बसणं म्हणजे त्याला उपासच. दुसऱ्या दिवशी बघते तर दप्तर उचलून स्वारी मागच्या रांगेत, चंदाच्या शेजारी. मी विचारलं, काहून रे? "तिचं सांगाचं त आयकाले त लागीनच ना, म्याडम."

चंदा बोलली, आणि त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "चंदा म्हनते का तिच्या गाईले कालवड झाली. लाल हाये. अन् थे चार दिसापासून सांगून राहिली, पन कोनी आयकलंच नाई." सगळा वर्ग तिच्याकडे वळला. कपाळावर चांद आहे का, नाव काय ठेवलं, मारते का. ती पोर सगळ्यांना उत्तरं देत उभी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी खडूच्या भुकटीवर ढकललं.

आता शिकवायला मजा येते आहे आणि नेमकं त्याचंच वाईट वाटतं. पण तू सांगितलेलं डोक्यात आहे. तू कधी उगाच बोलत नाहीस.

तुझी
देवश्री


अकोला
३० सप्टेंबर २०२५

चि. देवश्री,

आधी तुझं. तू म्हणतेस, कावळ्याची नखं ऐकू आली. शिवम चंदाजवळ जाऊन बसला. लाल कालवड झाली. मी ते पत्र जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं आणि कालवडीपाशी माझाच आवाज फुटला. शेखर म्हणाला काहीतरी, हसत होता, म्हणजे चांगलंच म्हणाला असेल.

तुला खरं सांगू? शिकवणं म्हणजे बोलणं असं सगळ्यांना वाटतं. मला ते ऐकणं आहे हे कळायला पंधरा वर्षं लागली आणि तुला एक पावसाळा. तुझ्या आईला फार आनंद झाला असता. ती माझ्या वर्गाच्या दाराशी डबा द्यायला यायची आणि तिथेच उंबऱ्यात उभी राहून पोरांचं ऐकत राहायची, डबा द्यायचाच विसरायची.

आमच्याकडेही भुलाबाई बसल्या आहेत. काल जुईलीच्या मैत्रिणी आल्या होत्या. गाणी झाली, मग खिरापत. जुईलीनं डबा माझ्या कानाशी आणून जोरजोरात हलवला. मी म्हटलं, "रिकामा आहे." सगळ्या पोरी खो खो हसल्या. "आजी भारी चेष्टा करते!" मीही हसले. मग तो डबा उघडून सगळ्यांना वाटप झालं. मी माझी मूठभर खिरापत तशीच हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

माझं म्हणणं डोक्यात ठेवलंस हे बरं केलंस. पूर्वीपासून तू शहाणीच.

तुझी
रमामावशी


अमरावती
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मावशी,

आधी तुझं. तू म्हणतेस, आईला आनंद झाला असता. ते वाचून मी खूप रडले. 'रिकामा आहे' वाचून हसलेही. तू अजून तशीच चेष्टेखोर.

आता माझं, आणि या वेळी स्पष्टच लिहिते, कारण आडून आडून लिहिणं मला आता सहन होत नाही. जुलैत मी फोन केला होता. त्या दिवशी वर्गात मी एका पोरावर इतकी ओरडले होते की ते घाबरून रडलं, आणि मला स्वतःची लाज वाटत होती. मी तुला विचारलं, "मावशी, मला हा वर्ग जमणार नाही असं वाटतं. दिवाळीनंतर सोडून देऊ का ही नोकरी?" तू म्हणालीस, "हाव, हाव. बरोबर आहे तुझं." क्षणाचाही विचार न करता. मग म्हणालीस, त्यापेक्षा पत्र लिही.

तुझ्या तोंडून ते ऐकलं आणि मी ते खरंच धरलं. तू मला माझ्या आठव्या वर्षापासून वर्गात पाहिलेलं. तुला वाटतं मला जमणार नाही, म्हणजे नाहीच जमणार. पत्रांतून वाट पाहत राहिले की तू एकदा तरी म्हणशील, "मी चुकले, तू थांब." तू प्रत्येक वेळी तेच म्हणालीस. जागा बदल. विचार करून बोलले. डोक्यात ठेवलंस ते बरं.

मी रागावलेली नाही. तू खोटं गोड बोलत नाहीस, म्हणून तर तुला विचारते. राजीनामा लिहिलेला आहे. येत्या बुधवारी दिवाळीच्या सुट्ट्या लागतात, त्या दिवशी शाळा सुटताना खुशालराव सरांच्या हातात देणार. सोहमदादाला कळवलं आहे.

पोरांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी
देवश्री


अकोला
१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

देवश्री, बाळ,

तुझं पत्र आत्ता, सकाळी आलं. आठवडा लावला मेल्यांनी. जुईलीनं तुला मेसेज टाकला आहे, शेखर सारखा फोन लावतोय, तो बंद येतोय. वर्गात फोन बंद ठेवायचा असं तुला मीच शिकवलं. हे पत्र तुला उशिराच मिळणार हे कळतंय, पण हात स्वस्थ बसत नाहीत.

आधी तुझं. तू जुलैत विचारलंस, नोकरी सोडू का, आणि मी हाव म्हणाले.

आता माझं. मी ते ऐकलंच नव्हतं.

मला ऐकू येत नाही, देवश्री. दोन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा मंदावला. फोनमध्ये मला 'दिवाळी' आणि 'वर्ग' एवढंच कानावर पडलं, मी समजले तुझी बदली होते आहे; सोहमचं पुणंही मी त्याचं नेहमीचं बोलावणं समजले. त्याला हाव म्हणाले. भाजीवालीला हाव म्हणते, डॉक्टरला हाव म्हणते, शेखर काय बोलतो ते त्याच्या तोंडाकडे बघून ठरवते आणि हाव म्हणते. मागच्या उन्हाळ्यात चांदूर रेल्वेला लग्नात एक जुनी मैत्रीण भेटली. ती बोलत होती, मांडवात बँड. मी हसून म्हटलं, "हाव, छान झालं." ती नवरा गेल्याचं सांगत होती. उठून गेली बिचारी. त्यानंतर मी लग्नाकार्यांना जाणंच सोडलं, आणि घरात सांगितलं की गुडघे दुखतात.

त्या डब्यात शेंगदाणे होते. जुईली हलवत होती आणि मला खरंच काही ऐकू आलं नाही. काहीही नाही.

का लपवलं म्हणशील? चाळीस वर्षं पोरांना ऐकायला शिकवलं, त्या बाईनं कोणत्या तोंडानं सांगावं? लोकांनी कीव केली असती, आणि मला कीव कधी पचली नाही. तू पत्रात पुन्हा पुन्हा लिहीत होतीस, "तू सांगितलेलं," आणि मी विचारू शकले असते, काय गं सांगितलं मी? एवढं एक वाक्य. ते न विचारता मी शहाणपणाचा आव आणत राहिले. तुला वर्गात हाव-बंदी घालायला लावली आणि स्वतः त्याच्याआड लपून बसले.

तू मला आज विचारलं असतंस तर मी तुझा कान धरून सांगितलं असतं की सोडू नकोस. तुझ्यासारखी बाई मी माझ्या अख्ख्या नोकरीत क्वचित पाहिली. शेखरला आज सगळं सांगितलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि पुन्हा तुला फोन लावला.

फोन अजून बंदच आहे म्हणतात.

तुझी
रमामावशी


अमरावती
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मावशी,

आधी तुझं. तू म्हणतेस, तुला ऐकू येत नाही. तू म्हणतेस, सोडू नकोस. तू म्हणतेस, तुला कीव पचत नाही, म्हणून मी करत नाही. पण तुझं पत्र या वेळी दोनच दिवसांत आलं, ते छातीशी धरून झोपले, एवढं सांगते. त्या मैत्रिणीला पत्र लिही. जसं मला लिहिलंस तसंच. आणि पाडव्याला मी अकोल्याला येते आहे, कानाच्या डॉक्टरकडे तुला मीच नेणार. तिथे ते मशीन दाखवतील आणि विचारतील, "ऐकू येतंय का?" तेव्हा नुसतं हाव म्हणायचं नाही. ते काय म्हणाले ते सांगायचं.

आता माझं. बुधवारी फोन बंद होता हे खरं. म्हणून तुमचं काहीच मला तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या तासाला खाऊ वाटला. राजीनामा पर्समध्ये होता. पोरांना न सांगता जाणं मला जमेना, आणि त्यांच्याकडे बघून सांगणंही जमेना. मग मी फळा पुसायला वळले आणि पुसता पुसता अगदी हळू म्हणाले, "दिवाळीनंतर मी येणार नाही कदाचित." अर्धवट ऐकू जावं, गोंधळात विरून जावं, म्हणून मुद्दाम तसं म्हटलं. ऑगस्टमध्ये असतं तर विरलंही असतं.

मागे सगळं शांत झालं. वळून बघते तर एकही पोर खात नव्हतं. शिवम उभा होता.

"म्याडम म्हनतात का दिवाळीनंतर थ्या येनार नाईत." मग थांबला. "आता माह्यं. काहून?"

मी डस्टर खाली ठेवलं. मावशी म्हणाली म्हणून, असं सांगू? मी म्हटलं, "मला नीट शिकवता येत नाही रे."

तेव्हा चंदा उठली. तिला उभं राहायला वेळ लागतो, बोलायला त्याहून जास्त. कोणी मध्ये बोललं नाही. कोणी नाकही ओढलं नाही. ती पोर माझ्याकडे बघत म्हणाली, "शिवम म्हनते, काहून. म्याडम म्हनतात, शिकवता येत नाई." मग एवढा मोठा श्वास घेतला. "आता माह्यं. आमाले त शिकता येऊन राहिलं."

मी राजीनामा तिथेच फाडला, पोरांसमोर. त्यांना तो कागद कसला ते कळलं नाही. शाळा सुटल्यावर फोन सुरू केला, तेव्हा शेखरदादाचे फोन आणि जुईलीचा मेसेज दिसला. 'राजीनामा दिलेला नाही' एवढंच दादाला कळवलं, बाकीचं तुला पत्रातच सांगायचं होतं.

तेव्हा जीवाला लावून घेऊ नकोस. तू खरोखर सगळं ऐकून, विचार करून मला "सोड" म्हणाली असतीस ना मावशी, तरी बुधवारी मी तुझं ऐकलं नसतं.

तुझी
देवश्री